थांबते का?

जुनी मोटार विकत घेणाऱ्या माणसाला लोक ठरावीक पाच प्रश्न विचारतात. केवढ्याला पडली? अ‍ॅव्हरेज किती देते? कागदपत्रं साफ आहेत ना? रंग मूळचा की मारलेला? आणि, चालते का? या शेवटच्या प्रश्नाला मालक छाती फुगवून "पळते!" असं उत्तर देतो आणि सभा बरखास्त होते. "थांबते का?" असं कुणी विचारलेलं मी तरी आजवर ऐकलेलं नाही. व्याख्यानमालेला वक्ता ठरवताना हेच होतं. बोलतात कसे, याची दहा ठिकाणी चौकशी होते; थांबतात का, हे विचारायचं राहून जातं आणि मग सगळं सभागृह ते भोगतं.

याचं कारण आपल्या भाषेतच असावं. आपल्याकडे जे जे चांगलं, ते ते चालतं. दुकान चालतं, नाटक चालतं, वकिली चालते, डोकं चालतं. एखादी गोष्ट मनाला येत नसली तरी आपण "चालेल" म्हणतो आणि ती मोडायला आली तरी "चालतंय ना?" म्हणून स्वतःची समजूत घालतो. थांबणं म्हणजे जणू नापास होणं. "थांबला तो संपला" ही पाटी मी एका ट्रकच्या मागं वाचली, आणि तीही पसरणीच्या घाटात, उतारावर! त्या जागी शास्त्र नेमकं उलट आहे. तिथं थांबला तोच उरला.

आता जुन्या मोटारीही फारशा उरल्या नाहीत म्हणा. मुंबईची शेवटची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३मध्ये रस्त्यावरून उतरली. अ‍ॅम्बॅसडर तयार होणं २०१४ सालीच थांबलं. पण हौसेनं, हट्टानं किंवा वडिलांची आठवण म्हणून असल्या गाड्या बाळगणारी माणसं अजून गावोगाव आहेत. त्यांतला एक मी, आणि दुसरे माझे मेहुणे. दोघांत फरक एवढाच, की त्यांच्या मते ते गाडी चालवण्यासाठी बाळगतात आणि मी थांबवण्यासाठी. त्यांची गाडी वरच्या दोहोंपैकी कोणती, ते मी सांगत नाही. कारण पुढं जे घडलं त्यात गाडीचा काहीच दोष नव्हता.

मेहुणे गाडीची काळजी घेत नाहीत, असं मात्र कुणी म्हणू नये. दसऱ्याला झेंडूचा एवढा मोठा हार असतो की समोरचा रस्ता दिसत नाही. बंपरला लिंबू-मिरची दर शनिवारी ताजी. त्या गाडीचं लिंबू सात दिवसांहून जुनं कधी सापडायचं नाही. ब्रेक ऑइल मात्र त्यांच्या धाकट्या चिरंजीवांच्या वयाचं होतं, आणि चिरंजीव चौथीत होते.

ब्रेक ऑइल हे नावाचंच ऑइल. त्याला एक व्यसन आहे: ते हवेतलं पाणी पितं. डबा बंद असो, गाडी उभी असो, वर्षावर वर्षं ते घोट घोट पीत राहतं. डॉट-३ जातीचं ताजं ऑइल २०५ अंशांच्या आत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्याच ऑइलात ३.७ टक्के पाणी मुरलं, की १४० अंशांपर्यंत तग धरला तरी त्याला पास करतात. सपाट रस्त्यावर या व्यसनाचा पत्ता लागत नाही. पण घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये यायच्या ऐवजी पेडलवर पाय ठेवून बसलं, की ड्रम तापतात, ती धग ऑइलपर्यंत पोचते आणि पाण्याची वाफ होते. द्रव दाबला जात नाही. वाफ मुकाट दाबली जाते. पाय पार तळाला टेकतो आणि चाकांना त्याची खबरही लागत नाही.

ही सगळी करामत ब्लेझ पास्कल नावाच्या फ्रेंच गृहस्थाच्या नियमावर चालते. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला, की तो सगळीकडे सारखा पोचतो, हा तो नियम. पास्कल १६६२ साली वारला तेव्हा त्यानं चाळिशीही गाठली नव्हती, आणि द्रवांवरचं त्याचं लिखाण छापून निघालं ते पुढच्या वर्षी. देव आहे यावर माणसानं पैज लावावी, कारण हरलो तर थोडंसंच जातं आणि जिंकलो तर सगळंच मिळतं, असं सांगणारा तत्त्वज्ञही हाच. म्हणजे ब्रेकचं यंत्र आणि ब्रेक तपासायचं कारण, दोन्ही एकाच डोक्यातून निघालेली आहेत! तपासले आणि ठीक निघाले, तर एक रविवार बुडाला. न तपासता निघालो आणि ते ठीक नसले, तर रविवारांचा प्रश्नच कायमचा मिटला.

आमचे मिस्त्री पास्कलला ओळखत नाहीत. पण पेडलला ओळखतात. गाडी हलवायच्या आधी ते नुसतं पेडल दाबून बघतात, वैद्यानं नाडी बघावी तसं. पेडल स्पंजासारखं लिबलिबीत लागलं, तर पाइपात हवा शिरलेली. पहिल्या दाबाला खोल गेलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला वर आलं, तर लायनर झिजलेले, शू जवळ घ्यायला हवेत. पाय एकसारखा दाबून धरल्यावर पेडल हळूहळू खाली बसत गेलं आणि बाहेर कुठं थेंबही दिसत नसला, तर मास्टर सिलिंडरच्या आतलं रबर गेलेलं. हा दुखणाईत सगळ्यांत फसवा. घाईत दाबलं तर ठणठणीत वाटतो. कुठलं तरी एकच चाक ब्रेक सोडल्यावरही धरून बसत असेल, तर रबरी होज आतून फुगलेला असू शकतो. बाहेरून तो अगदी तुकतुकीत दिसतो. पण दाब जाऊ देतो आणि परत येऊ देत नाही. नातेवाइकाला दिलेले उसने पैसे याच तत्त्वावर जातात. मिस्त्री म्हणतात, "साहेब, पेडल कधी खोटं बोलत नाही. दाबणाऱ्याचा पाय बहिरा असतो."

तर एका शनिवारी संध्याकाळी मेहुणे गाडी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी पहाटे महाबळेश्वरला निघायचं होतं. बरोबर बायको, दोन मुलं आणि माझ्या सासूबाई.

"दाजी, गाडी ब्रेक मारला की डावीकडे ओढते. तुमच्या मिस्त्रींना सांगून डावा ब्रेक जरा ढिला करून घ्या. पाच मिनिटांचं काम आहे."

मिस्त्री त्यांच्या शेजारी बसून पाच किलोमीटर जाऊन आले. उतरल्यावर त्यांनी चारी चाकांजवळ, न टेकवता, हात धरून पाहिला. पुढचं डावं चाक चांगलंच तापलेलं. पुढचं उजवं थंडगार, जणू आत्ताच आंघोळ करून बसलंय.

"डाव्याला कशाला ढिला करता साहेब? तो बिचारा एकटाच काम करतोय."

उजवा ड्रम काढला तर आत व्हील सिलिंडर पाझरत होता आणि लायनर ब्रेक ऑइलनं चिंब झाला होता. मिस्त्रींनी आतली भुकटी फुंकली नाही, ओल्या फडक्यानं टिपली. जुन्या लायनरमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचं आणि ते छातीत गेलेलं परत येत नाही.

मी कित्येक वर्षं कचेरीत काढली आहेत. त्यामुळं हे दृश्य मला ओळखीचं वाटलं. दोन टेबलं शेजारी शेजारी असतात. एका टेबलावरचा माणूस फायली उपसतो, तापतो, चिडतो, लोकांवर ओरडतो आणि तक्रार त्याचीच होते. दुसऱ्या टेबलावर अखंड शांती असते. साहेब येतात आणि तापट माणसाची बदली करतात. गाडी डावीकडे ओढते म्हणून डाव्याला ढिला करायचा, हा तोच न्याय. त्यानं गाडी सरळ जाईल, यात शंका नाही. दोन्ही चाकं सारखीच थांबेनाशी झाली की सरळच जाणार. समता आणायचा हा सगळ्यांत सोपा मार्ग आहे.

मिस्त्रींनी डाव्याला हात लावायला साफ नकार दिला. रबर किट आणि लायनर सोमवारी मिळाले असते. मेहुण्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"आल्यावर करू," ते म्हणाले.

मी माझी गाडी देऊ केली. तिच्या फाटक्या सीटकडे आणि तीन ठिकाणी उडालेल्या रंगाकडे त्यांनी दयेनं पाहिलं. "हिच्यातून महाबळेश्वरला? लोक काय म्हणतील, दाजी?" मी एस.टी.चं नाव काढलं. त्यावर ते हसले. मग त्यांनी ठेवणीतला मुद्दा काढला: "नऊ वर्षं चालवतोय ही गाडी. एकदा तरी ब्रेक लागला नाही, असं झालंय?"

मंगळवारी रात्री मंडळी सुखरूप परत आली. येताना मेहुण्यांनी आमच्याकडे स्ट्रॉबेरीची दोन खोकी टाकली. "पसरणीचा घाट उतरून आलो. लागले की नाही ब्रेक?" मी एक स्ट्रॉबेरी तोंडात टाकली. उत्तम होती. पुरावा थोडा आंबट असता तर वाद तरी घालता आला असता!

आता प्रश्न असा, की मेहुण्यांचं काय चुकलं? कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मुलांनी घोड्यावर रपेट केली, सासूबाईंनी क्षेत्र महाबळेश्वरचं दर्शन घेतलं, आणि मी फुकटची स्ट्रॉबेरी खाल्ली. ज्यातून काहीच वाईट निघालं नाही, ते वाईट कसं?

विल्यम क्लिफर्ड नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १८७७ साली एका निबंधात जवळजवळ आमच्या मेहुण्यांचीच गोष्ट लिहिली आहे. फक्त मोटारीच्या जागी जहाज आहे. जहाजाचा मालक. जहाज जुनं, डागडुजीला आलेलं. मालकाच्या मनात शंका येते. पण दुरुस्तीला खर्च फार. मग तो स्वतःची समजूत घालतो: एवढ्या सफरी झाल्या, एवढी वादळं झाली, हीही पार पडेल. देव आहेच. हळूहळू त्याला ते मनापासून पटतं आणि तो प्रवाशांनी भरलेलं जहाज हसतमुखानं रवाना करतो. जहाज बुडतं. क्लिफर्ड त्याला दोषी धरतो, हे ठीकच. पण पुढं तो म्हणतो, समजा जहाज बुडालं नसतं, तरी मालक तितकाच दोषी. फक्त त्याचा दोष उघडकीला आला नसता, एवढंच.

पुढं १९७६ साली बर्नार्ड विल्यम्स आणि टॉमस नेगेल या दोन तत्त्वज्ञांनी नैतिक दैवाचा प्रश्न उभा केला. नेगेलचं एक उदाहरण तर थेट गॅरेजातलं आहे. एका ट्रक ड्रायव्हरनं ब्रेक वेळेवर तपासून घेतले नाहीत. समोर अचानक मूल आलं आणि गेलं. तो ड्रायव्हर जन्मभर स्वतःला खुनी समजत राहील. त्याच्याच शेजारी तसेच ब्रेक घेऊन दुसरा ड्रायव्हर चालला होता. त्याच्या समोर मूल आलं नाही, म्हणून तो घरी जाऊन जेवून झोपला. दोघांनी केलं ते एकच. मग एक गुन्हेगार आणि एक सभ्य गृहस्थ, हा फरक आला कुठून?

आपला कायदाही या प्रश्नापुढं जरा घुटमळतो. १९८८च्या मोटार वाहन कायद्याचं १९०वं कलम बघा. गाडीत धोक्याचा दोष आहे हे ठाऊक असताना, किंवा साधी काळजी घेतली असती तर ठाऊक झालं असतं अशा स्थितीत, गाडी रस्त्यावर आणली, तर २०१९च्या दुरुस्तीनं त्याला दंड ठेवला पंधराशे रुपये. त्याच दोषानं अपघात होऊन कुणाला इजा झाली, तर तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. दोष तोच, माणूस तोच. मधला फरक फक्त रस्त्यात कोण आलं याचा.

आमच्या शेजारी एक निवृत्त मामलेदार राहतात. त्यांना हे सांगितलं तर ते म्हणाले, "गीतेत सांगितलंय ना, कर्म करावं आणि फळाची आशा धरू नये? पेडल दाबणं हे आपलं कर्म. गाडी थांबणं हे फळ!" मामलेदारांनी आयुष्यभर लोकांच्या अर्जांचं याच पद्धतीनं केलं असावं, असा मला दाट संशय आहे. पण गीता समजायची तर थोडी मागून समजायला हवी. गाडी थांबणं हे फळ असेल. पण कर्म पेडलपाशी सुरू होत नाही. ते शनिवारी संध्याकाळी, उजवा ड्रम उघडा पडलेला असताना सुरू होतं.

मेहुण्यांच्या नऊ वर्षांच्या मुद्द्यालाही उत्तर आहे, आणि ते तत्त्वज्ञानात नसून ब्रेक ऑइलच्या डबीत आहे. पहिल्या वर्षी जे ऑइल होतं, ते नवव्या वर्षी राहिलेलं नाही. जो लायनर होता, तोही नाही. दर दाबानं तो थोडा झिजतो. म्हणजे "आजवर लागले" ही साक्ष आताच्या ब्रेकची नाहीच. ती आता अस्तित्वात नसलेल्या ब्रेकची आहे. उलट, जितक्या वेळा लागले तितके ते शेवटाजवळ आले. सत्तर वर्षं आपण एकदाही मेलो नाही, म्हणून पुढंही मरणार नाही, असं कुणी म्हणालं तर आपण हसतो; ब्रेकच्या बाबतीत मान डोलावतो.

पण मेहुण्यांची बाजूही सोडून चालणार नाही. सगळ्या शंका फिटेपर्यंत थांबायचं म्हटलं, तर कुठलीच गाडी कधीच निघणार नाही. नवी कोरी गाडी दगा देते. टायर फुटतो, दरड कोसळते, म्हैस आडवी येते. माणसाला सगळं कळत नाही आणि न कळलेल्याबद्दल त्याला फाशी देता येत नाही. हे मला मान्य आहे. मात्र "कळलं नाही" आणि "कळून घेतलं नाही" यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पहिल्यात माणूस दुबळा असतो. दुसऱ्यात तो हुशार असतो. नेगेलच्या दुसऱ्या ड्रायव्हरला लोकांनी तुरुंगात टाकू नये. लोकांना शिक्षा देण्यासाठी काही तरी डोळ्यांना दिसावं लागतं. पण घरी जेवताना त्यानं स्वतःला निर्दोष समजू नये. शिक्षा घडलेल्या गोष्टीची होते. लाज मात्र केलेल्या गोष्टीची वाटायला हवी. ती वाटायला मुलानं मधे यायची वाट बघायची नसते.

हा सगळा युक्तिवाद मी सौभाग्यवतींना ऐकवला. त्या मेहुण्यांच्या सख्ख्या थोरल्या बहीण. म्हणून बचावाची अपेक्षा होती. स्ट्रॉबेरीचे देठ काढता काढता त्या म्हणाल्या, "क्लिफर्डबिफर्ड राहू दे. घाट उतरला की वाई लागते. तेव्हा ब्रेक सगळ्यांत जास्त तापलेले असणार. त्याच्या गाडीत बसलेले निदान त्याच्यावर विश्वासून बसले होते. वाईच्या बाजारात भाजीची पिशवी घेऊन रस्ता ओलांडणाऱ्या बाईला कुणी विचारलं होतं?"

मी गप्प झालो. तीन तत्त्वज्ञ आणि एक कलम मिळून जिथं पोचले नव्हते, तिथं त्या देठ काढता काढता पोचल्या होत्या. "माझी गाडी, माझं नशीब" असं म्हणता येतं. पण रस्त्यावर नशीब कधीच एकट्याचं नसतं. पास्कलचा दाब सगळीकडे सारखा पोचतो. आपण "चालतंय ना" म्हणून जो एक दाब टाकतो, तो कुठल्या टोकाला कुणावर जाऊन पोचेल, हे आपल्या हातात नाही.

पुढच्या रविवारी मेहुण्यांची गाडी आमच्या दारात आली. बहिणीनं कशी आणवली, ते मी विचारलं नाही. दोन्ही बाजूंचे व्हील सिलिंडर, लायनर, होज, सगळं ऑइल बदललं. मग हवा काढायचं काम. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबचं चाक आधी, म्हणजे मागचं डावं. सौ. पेडलवर, मिस्त्री चाकाशी निपलला पान्हा लावून, निपलची नळी ऑइलच्या बाटलीत.

"दाबा ताई."

"दाबलं."

"धरून ठेवा."

"धरलंय."

बाटलीत बुडबुडे येतात, निपल बंद होतो, मग "सोडा". निपल बंद व्हायच्या आधी पेडल सोडलं, तर निघालेली हवा परत आत. दोघांना एकमेकांचं तोंड दिसत नाही. सगळा व्यवहार शब्दावर. लग्नात एवढा एक विधी वाढवला, तर पुष्कळ गैरसमज टळतील, असं माझं मत झालं.

काम झाल्यावर मेहुणे एक फेरी मारून आले. ब्रेक मारला, गाडी सरळ रेषेत उभी राहिली. ते उतरले, मिस्त्रींचे पैसे मोजले आणि मला म्हणाले, "दाजी, मला तर काहीच फरक वाटत नाही."

अगदी खरं होतं. फरक वाटण्यासारखं काही नव्हतंच. घडलेल्या अपघाताचा पंचनामा होतो, साक्षीदार मिळतात, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. न घडलेल्या अपघाताचं कुणी काही लिहून ठेवत नाही. तो कुठल्या वळणावर, कुठल्या दिवशी घडला नाही, हेही कधी कळत नाही. वाईची ती बाई पिशवी सावरत रस्ता ओलांडेल, घरी जाऊन भाजी निवडेल, आणि मेहुणे, मिस्त्री किंवा उजवं चाक यांचा विचार तिच्या मनात आयुष्यात एकदाही येणार नाही. मिस्त्रींची मजुरी वसूल झाली ती तिथं.